फासा काढून टाकला तेव्हा

मुलांचा खेळ जरा जवळ बसून ऐकला की लक्षात येतं, जितका वेळ खेळण्यात जातो तितकाच ठरवण्यात जातो. "आता असं करूया, जो आउट होईल त्याने बाहेर नाही बसायचं, त्याने माझ्या टीममध्ये यायचं." "मग काय, तूच जिंकणार." "बरं, मग त्याने एका पायावर खेळायचं." "चालेल, पण मग तूसुद्धा मागे वळून नाही बघायचं." लांबून बघणाऱ्या मोठ्या माणसाला वाटतं, यांचा खेळ काही सुरू होत नाही. माझं मत अगदी उलट आहे. खेळ केव्हाच सुरू झालेला असतो, आणि हे ठरवणं हा त्यातला सर्वांत रंगलेला भाग असतो.

हे ठरवणं शून्यातून होत नाही. मुलांच्या डोक्यात आठ-दहा खेळ पक्के बसलेले असतात. त्यांतला एखादा नियम उचलायचा, दुसऱ्या खेळात टाकायचा आणि काय होतं ते बघायचं. पकडापकडीत 'पुतळा' घातला की विषामृत होतं: विष मिळालेला जागच्या जागी गोठतो आणि कुणीतरी येऊन अमृत देईपर्यंत तसाच उभा राहतो. लपाछपीत मधोमध एक डबा ठेवला की डब्बा ऐसपैस होतं. लगोरीत तर नेम आहे, रचणं आहे आणि पळापळ आहे, तिन्ही एकातच. हे खेळ कुणी एका बैठकीत बसून शोधले नसावेत. खेळता खेळता कुणाला तरी कंटाळा आला असेल, कुणीतरी "आता असं करूया" म्हटलं असेल, आणि ते इतरांना आवडलं असेल.

डब्बा ऐसपैसकडे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. नुसत्या लपाछपीत ज्याच्यावर राज्य असतं त्याला एकच काम असतं, शोधायचं. तो हवं तितकं लांब जाऊ शकतो. डबा आला की त्याला दुसरं काम लागतं: डबा राखायचा. कारण तो लांब गेला, की कुणीतरी पळत येऊन डबा उडवणार आणि पकडलेले सगळे सुटणार. आता शोधायला लांब जावं तर डबा उघडा पडतो आणि डब्यापाशी थांबावं तर कुणी सापडत नाही. ही ओढाताण लपाछपीत नव्हती. डबा उडवण्याच्या खेळातही नव्हती. दोघं एकत्र आल्यावर ती मधल्या सांध्यात तयार झाली. मला जे काही म्हणायचं आहे ते याच सांध्याबद्दल आहे. दोन खेळ एकत्र आले म्हणजे नवा खेळ झाला असं होत नाही. पहिल्या खेळाने दुसऱ्याला अडचणीत आणलं, की नवा खेळ होतो.

मोठ्यांच्या जगातले कितीतरी खेळही असेच जोडून झालेत. १८९१ सालचा डिसेंबर. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये, वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ हा तरुण शिक्षक एका वर्गापुढे हैराण झाला होता. हिवाळ्यात मैदान बंद, आत कवायतीला मुलं कंटाळलेली. वरिष्ठांनी सांगितलं, आत खेळता येईल असा काहीतरी खेळ काढ. त्याने आधी ओळखीचे मैदानी खेळच आत आणून पाहिले. लाकडी जमिनीवर धक्काबुक्कीचा खेळ म्हटल्यावर हातपाय मोडायचीच पाळी. मग तो एकेक भाग सुटा करून पाहू लागला. चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवायचं तर त्याला पाडावं लागतं, म्हणून चेंडू घेऊन पळायलाच बंदी. गोलपोस्ट समोर उभा असला की जोरात फेकणाऱ्याचं फावतं, म्हणून तो आडवा करून डोक्याच्या वर नेला. आता चेंडू अलगद, कमान करूनच टाकावा लागणार.

ही कमान त्याला आठवली ती लहानपणी कॅनडात खेळलेल्या एका खेळावरून. त्याचं नाव 'डक ऑन अ रॉक'. एका मोठ्या दगडावर छोटा दगड ठेवायचा, बाकीच्यांनी आपापले दगड मारून तो पाडायचा, आणि मग राखणदाराने पकडायच्या आत आपला दगड उचलून परत पळायचं. आपल्या लगोरीचा चुलतभाऊच म्हणा. त्यात दगड सरळ जोरात मारला आणि नेम चुकला, तर तो लांब जाऊन पडतो आणि आणायला लांब पळावं लागतं. अलगद वरून टाकला तर जवळच पडतो. म्हणजे तिथेही राखणदाराच्या भीतीमुळे फेकण्याची रीत बदलली होती. नेस्मिथने नेमकी तेवढीच गोष्ट उचलली. दगड नको, राखणदार नको, फक्त ती कमान. पीच फळांच्या दोन टोपल्या सभागृहाच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून टोपली दहा फुटांवर गेली आणि बास्केटबॉलची कडी आजही तिथेच आहे. तेरा नियम लिहून भिंतीवर लावले आणि अठरा जणांच्या वर्गाचे नऊ-नऊचे दोन संघ पाडून खेळ सुरू झाला.

चार वर्षांनी, १८९५ मध्ये, जवळच्याच होल्योक गावात विल्यम मॉर्गन नावाच्या दुसऱ्या शिक्षकाला वेगळीच अडचण आली. त्याच्याकडे येणाऱ्या वयस्कर मंडळींना बास्केटबॉलची धावपळ झेपत नव्हती. त्याने टेनिसची जाळी घेतली आणि माणसाच्या डोक्यापेक्षा वर, साडेसहा फुटांवर बांधली. रॅकेट काढून टाकली, हात ठेवले. चेंडू म्हणून सुरुवातीला बास्केटबॉलच्या आतलं ब्लॅडर वापरून पाहिलं. बेसबॉलमधून नऊ डावांची कल्पना आणली, जी पुढे गळून गेली. हा व्हॉलीबॉल. मधे जाळी असल्यामुळे एकमेकांच्या अंगावर जाणं आपोआप बंद झालं, आणि वय झालेल्यांचं काम झालं.

पुढे १९६० च्या दशकात ब्राझीलमधल्या रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर फुटबॉल खेळणाऱ्यांनी व्हॉलीबॉलच्या जाळीवरून पायाने चेंडू खेळायला सुरुवात केली आणि फुटव्हॉली झाला. वाळू व्हॉलीबॉलची, जाळी व्हॉलीबॉलची, पण हात लावायचा नाही. म्हणजे दगडावरचा दगड पाडण्याच्या एका पोरखेळातली कमान बास्केटबॉलमध्ये आली, बास्केटबॉल न झेपणाऱ्यांसाठी व्हॉलीबॉल झाला आणि व्हॉलीबॉलच्या जाळीवर फुटबॉलवाले येऊन बसले. ही वंशावळ मला फार आवडते. यातल्या कुणीही आधीचा खेळ अख्खा घेतला नाही. प्रत्येकाने एकच अवयव उचलला आणि बाकीचं सोडून दिलं. जोडण्याच्या कामात सोडून देणं किती महत्त्वाचं असतं, हे माझ्या मनात या गोष्टीने पक्कं केलं.

सांध्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण मात्र मला बायॅथलॉनमध्ये दिसतं. बर्फावरून स्की करत जायचं आणि मधे मधे थांबून रायफलने नेम मारायचा, इतकंच. पण बघा, स्कीइंगला काय लागतं? छाती फुटेस्तोवर दम. नेमबाजीला काय लागतं? स्थिर श्वास, संथ नाडी. दोन्ही खेळ एकमेकांचे वैरी. पन्नास मीटरवर पाच काळे ठिपके असतात. झोपून मारताना ४५ मिलीमीटरचं लक्ष्य, उभं राहून मारताना ११५ मिलीमीटरचं. छाती धपापत असताना बंदुकीची नळी ठोक्याठोक्याला हलते. बहुतेक शर्यतींत एक गोळी चुकली की १५० मीटरचा एक जादा फेरा, म्हणजे आणखी दम. आता प्रत्येक खेळाडूला एक निर्णय घ्यावाच लागतो: गोळीबाराच्या जागी येण्याआधी वेग किती कमी करायचा? फार कमी केला तर मागचे पुढे जातात, कमी केला नाही तर नेम चुकतो आणि फेरा पडतो. हा निर्णय नुसत्या स्कीइंगच्या शर्यतीत नाही, नुसत्या नेमबाजीच्या स्पर्धेतही नाही. १९६० पासून हा खेळ हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आहे, आणि मला वाटतं त्याची सगळी गंमत त्या थांबण्याआधीच्या शेवटच्या शंभर मीटरांत आहे.

चेस-बॉक्सिंगचंही तेच. ऐकताना हा प्रकार थट्टेचा वाटतो, पण जरा खोलात गेलं की त्याची रचना पटते. कल्पना आली एन्की बिलाल या चित्रकाराच्या १९९२ सालच्या एका चित्रकथेतून. तिथे आधी बॉक्सिंगचा पूर्ण सामना होतो आणि मग बुद्धिबळाचा डाव. डच कलावंत इपे रुबिंगने २००३ मध्ये ती प्रत्यक्षात आणली, पण आणताना एक बदल केला: दोन्ही एकामागून एक नाही, आलटून पालटून. अकरा फेऱ्यांपैकी सहा बुद्धिबळाच्या, पाच बॉक्सिंगच्या. सुरुवात बुद्धिबळाने, शेवटही बुद्धिबळाने. मात देऊन जिंका किंवा नॉकआउट करून जिंका. या एका बदलात अख्खा खेळ आहे. आधी ठोसे आणि मग पट असं झालं असतं तर ते दोन वेगळे सामने राहिले असते. आलटून पालटून केल्यावर मात्र ज्याचा डाव पटावर बिघडत चाललाय त्याला पुढच्या फेरीत ठोशांनीच सामना संपवायची घाई होते, आणि पटावर जिंकत असलेल्याला ते तीन मिनिटं फक्त टिकून राहायचं असतं. घोडा कुठे आहे यावरून माणूस गुद्दा कसा मारेल हे ठरतं. दोन खेळ इतके एकमेकांत शिरले की मग त्यांना जोड म्हणण्यात अर्थ उरत नाही, तो एकच खेळ होतो.

याच्या अगदी उलट टोकाला एक प्रकार आहे आणि त्याच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. मुलांसाठी 'शैक्षणिक' म्हणून जे पट निघतात, त्यांतले बरेच. प्रश्नाचं उत्तर द्या आणि दोन घरं पुढे जा. सात गुणिले आठ किती? छप्पन्न. शाबास, टाका फासा. इथे गुणाकाराचा पटाशी काडीचा संबंध नसतो. पटावर तुम्ही कुठे उभे आहात याने गणित बदलत नाही आणि गणितात काय आलं याने पटावर काही निवडावं लागत नाही. गणित हे दारावर उभं केलेलं तिकीट आहे फक्त. मुलांना हे लगेच कळतं. त्यांना कळतं की इथे खेळ आमिष आहे. आणि खेळाचं आमिष केलं की मुलं खेळावरही रुसतात आणि गणितावरही. खरा गुणाकार खेळात आणायचा असेल तर तो अडचण म्हणून यायला हवा: हे दोन पत्ते गुणून जावं की ते दोन बेरीज करून, कारण पुढे खड्डा आहे. मग मूल आपणहून बोटं मोजतं, कुणी सांगावं लागत नाही.

आता मी जे स्वतः पाहिलं ते सांगते. माझी भाची नऊ वर्षांची आहे. ती सापशिडी खेळताना एकदा म्हणाली, "मावशी, यात मी काहीच करत नाही. फासाच सगळं करतो." मला तिचं हे वाक्य फार नेमकं वाटलं. सापशिडीत खेळणाऱ्याला एकही निर्णय नसतो. फासा टाकायचा, मोजायचं, शिडी आली तर चढायचं, साप आला तर घसरायचं. दोघींच्या जागी दोन यंत्रं बसवली तरी खेळ तसाच होईल. मग आम्ही ठरवलं, फासाच काढून टाकायचा.

फाशाच्या जागी पत्ते आले. एक्का ते छक्की असे सहा पत्ते तिच्याकडे, सहा माझ्याकडे. आपल्या पाळीला एक पत्ता टाकायचा आणि तितकी घरं जायचं. लगेच फरक पडला. आता चार घरांवर शिडी असेल तर चव्वी टाकता येते, तीन घरांवर साप असेल तर तिर्री टाळता येते. सगळे पत्ते संपले की पुन्हा सहाच्या सहा उचलायचे. बरं वाटलं, पण थोड्याच वेळात दोघींच्याही लक्षात आलं की ती तिचा हिशेब करतेय आणि मी माझा. शेजारी बसून दोघी आपापली सापशिडी खेळत होतो. समोर कुणी नसतं तरी काही बिघडलं नसतं.

तेव्हा मला बगहाउस आठवलं. बुद्धिबळाचा हा चौघांचा प्रकार आहे. दोन पट शेजारी शेजारी, दोन जोड्या. तुम्ही प्रतिस्पर्ध्याचं जे मोहरं मारता ते शेजारच्या पटावर खेळणाऱ्या आपल्या जोडीदाराला देता, आणि तो आपल्या पाळीला ते रिकाम्या घरात उतरवू शकतो. त्यामुळे दोन्ही पटांवरून सारखा आरडाओरडा चालतो, "मला घोडा दे, काहीही करून घोडा दे!" आपल्या पटावर तोट्याचा असलेला सौदाही मग जोडीदारासाठी करावासा वाटतो. मारलेलं मोहरं खेळाबाहेर जात नाही, फक्त हात बदलतं. एवढा एक नियम मी उचलला आणि म्हटलं, टाकलेला पत्ता बाजूला नाही ठेवायचा. टाकलेला पत्ता समोरचीच्या हातात द्यायचा.

भाचीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे मी छक्की टाकून पुढे गेले तर छक्की तुला मिळणार?" हो. "मग मी टाकणारच नाही." आणि इथून खरा खेळ सुरू झाला. आता प्रत्येक पत्त्याला दोन बाजू झाल्या. मला तो कुठे नेतो आणि समोरचीला तो मिळाल्यावर तिला कुठे नेईल. माझ्यासमोर चार घरांवर शिडी आहे, पण तिच्याही समोर चार घरांवर शिडी आहे. मी चव्वी टाकून चढले तर तिला चव्वी मिळणार आणि तीही चढणार. मग आधी दुर्री टाकून दोन पावलं जावं आणि उरलेली दोन घरं नंतर दुसऱ्या दुर्रीने पुरी करावीत का? पण ती दुसरी दुर्री तर तिच्याकडे आहे.

पहिल्याच डावात एक भोक सापडलं. मी दिलेली छक्की तिने तत्काळ टाकली, ती माझ्याकडे आली, मी तत्काळ टाकली, आणि ती एकच छक्की चेंडूसारखी इकडून तिकडे जाऊ लागली. बाकीचे पत्ते हातात नुसते बसून. मग नियम झाला: आत्ता आलेला पत्ता एक पाळी विश्रांती घेणार. हा शब्द तिचा, आणि तो तसाच राहिला. "तुझी छक्की विश्रांती घेतेय, टाकायची नाही."

नंतर तिने जे शोधलं ते मला सुचलं नव्हतं. खेळता खेळता ती मला म्हणाली, "तुझ्याकडे दोन पंज्या आहेत." तुला कसं माहीत? "माझ्याकडे एकही नाही ना." अगदी बरोबर. एकूण पत्ते बारा, प्रत्येक आकडा दोनदा. माझ्या हातात जे नाही ते तिच्या हातात असणारच. म्हणजे पत्ते लपवून धरण्यात काही अर्थच नव्हता. दोघींना दोघींचे पत्ते पक्के माहीत होते. जगातल्या सगळ्या खेळांत ज्यात निव्वळ नशीब चालतं असा सापशिडीचा खेळ, त्यातून नशीब पार निघून गेलं होतं. बुद्धिबळासारखं सगळं उघडं. आम्ही तसं ठरवलं नव्हतं. पत्ते आणले, हात बदलायला लावले, आणि हे आपोआप झालं. मला वाटतं, खेळ जोडणाऱ्याला मिळणारा सगळ्यात मोठा आनंद हाच असतो. जे आपण घातलंच नाही ते आत सापडणं.

शेवटही पार बदलला. शंभरवर नेमक्या आकड्यानेच पोचायचं, आणि आकडा जास्त असेल तर सोंगटी हलत नाही, पण पत्ता मात्र समोरचीकडे जातोच. त्यामुळे नव्व्याण्णववर उभं राहणारीला एक्का लागतो आणि दोन्ही एक्के समोरचीकडे असले तर ती बसूनच राहते. एरवी ज्याला कुणी विचारत नाही तो एक्का सगळ्यात मोलाचा झाला. भाची पहिल्यापासून एक्का दाबून ठेवायला शिकली. दुर्री देईल, तिर्री देईल, छक्कीसुद्धा देईल, पण एक्का नाही.

पण मग एक नवीनच पंचाईत झाली. नशीब गेल्यावर जी जास्त पुढचा विचार करते तीच जिंकायला लागली, आणि सुरुवातीला ती मी होते. नऊ वर्षांच्या मुलीला सारखं हरायला लावणारा खेळ काय कामाचा? तिने स्वतःच सांगितलं, "थोडंसं नशीब परत आणूया. पण फासा नको." हे वाक्य ऐकून मला तिचा अभिमान वाटला, कारण नशीब किती हवं हे ठरवता येतं, ते तिखटमिठासारखं कमी-जास्त करता येतं, हे तिला कळलं होतं. पुष्कळ विचार करून आम्ही ते सापाच्या तोंडी ठेवलं. कुणालाही साप चावला की दोघींनी एकमेकींच्या हातातून न बघता एकेक पत्ता ओढायचा. पत्त्यांची संख्या तेवढीच राहते, फक्त काय आलं आणि काय गेलं ते दैवावर.

मग तिने केलेली एक चाल मी विसरणार नाही. ती वरच्या ओळीत होती आणि तिच्यापुढे तीन घरांवर एक छोटा साप होता, जेमतेम एका ओळीने खाली आणणारा. तिच्या हातात दुर्री होती, चव्वी होती, साप सहज टाळता आला असता. तिने शांतपणे तिर्री टाकली आणि सापाच्या तोंडात गेली. मी म्हटलं, अगं बघून टाक. ती म्हणाली, "बघूनच टाकलाय." दोन्ही एक्के माझ्याकडे होते. एरवी तिला ते कधीच मिळाले नसते, कारण मी ते देणार नव्हते. साप चावला तरच माझ्या हातातून पत्ता ओढायचा हक्क मिळतो. म्हणून तिने साप मुद्दाम अंगावर घेतला. पहिल्या वेळी तिच्या हाती पंजी आली. पण चाल बरोबर होती. सापाला घाबरायचं हा सापशिडीचा मूळ नियम, आणि आमच्या खेळात साप हा कधी कधी वाट झाला.

हे सगळं करताना एक गोष्ट माझ्या हाताला लागली ती अशी, की जोड करताना एका वेळी एकच वस्तू आणावी. आम्ही मधे एकदा ल्युडोतलं मारणंही आणलं होतं, समोरचीच्या घरात गेलं की तिला परत सुरुवातीला पाठवायचं. डाव संपेचना. इतक्या मेहनतीने जमवलेले पत्ते आणि जागा एका चालीत वाया जायच्या, म्हणून मग कुणी पुढचा विचारच करेना. ते काढून टाकलं. आणलेला नियम काढून टाकायला मुलं मोठ्यांपेक्षा फार लवकर तयार होतात. त्यांना तो आपला आहे म्हणून राखायचा नसतो, खेळ चालायला हवा असतो.

जोड पुष्कळदा अडचणीतून होते हेही खरं. पिकलबॉलची सुरुवात १९६५ मध्ये अमेरिकेत सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर झाली ती घरात बसून कंटाळलेल्यांमुळे. बॅडमिंटनचं कोर्ट होतं, पण खेळायला पुरेसं सामान मिळेना. म्हणून टेबल टेनिसच्या बॅटी घेतल्या आणि भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू. जाळी आधी बॅडमिंटनच्या उंचीवर होती. चेंडू जमिनीवर उसळतोय हे पाहून ती खाली आणली, छत्तीस इंचांपर्यंत. आता जाळी खाली आली की जाळीला चिकटून उभं राहायचं आणि प्रत्येक चेंडू खाली आपटायचा, इतकंच करून जिंकता आलं असतं. म्हणून जाळीपासून सात फुटांचा पट्टा असा आहे, की त्यात उभं राहून चेंडू टप्पा पडण्याआधी मारायचाच नाही. बॅट बदलली म्हणून चेंडू बदलला, चेंडूमुळे जाळी बदलली, जाळीमुळे पट्टा आला. एक वस्तू हलवली की पुढच्या तीन आपोआप हलवाव्या लागतात, आणि त्या हलवण्यातच नवा खेळ घडत जातो.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जुन्या खेळात उस्ताद आधीच ठरलेले असतात. कॅरमला कोण बसणार, बुद्धिबळाला कोण जिंकणार, हे खेळ मांडायच्या आधीच घरातल्या सगळ्यांना माहीत असतं आणि कच्ची मंडळी हळूहळू बाजूला सरकतात. नव्या जोडलेल्या खेळात उस्ताद कुणीच नसतं. आजोबा, भाचा, पाहुणी, सगळे एकाच दिवशी नवशिके. त्यातही ज्याचा जो हात बसलेला असतो त्याला काही ना काही उपयोगी पडतं: कुणाची स्मरणशक्ती, कुणाचा नेम, कुणाची घासाघीस. आमच्या सापशिडीत माझ्या आईने पहिल्याच डावात सगळ्यांना मागे टाकलं, कारण कुठला पत्ता केव्हा हातातून सोडायचा याची जाण तिला वर्षानुवर्षं रमी खेळून आलेली होती. सापशिडीने तिला हे कधीच वापरू दिलं नसतं.

सध्या आम्ही तिघांच्या खेळावर अडलो आहोत. भाचीचा धाकटा भाऊ आता खेळायला बसतो, म्हणजे पत्ते अठरा झाले. लगेच दोन गोष्टी बदलल्या. एक, समोरच्याकडे काय आहे हे आता पक्कं कळत नाही, कारण माझ्याकडे जे नाही ते दोघांपैकी कुणाकडे आहे हे कसं सांगणार? न बोलावता थोडी अनिश्चितता पुन्हा आली. दोन, टाकलेला पत्ता कुणाला द्यायचा? डावीकडच्याला द्यायचा असा साधा नियम करता येईल, पण भाचीला तो अजिबात मान्य नाही. तिचं म्हणणं, ज्याला हवा त्याला द्यायचा. मग काय, बोलणी सुरू. "मला तिर्री दे, मी तुला नंतर एक्का देईन." आणि भांडण नेमकं यावर आहे, की दिलेला शब्द पाळायलाच हवा का. भाऊ म्हणतो, नाही पाळला तर एक पाळी चुकवायची. बहीण म्हणते, शब्दाची शिक्षा ठेवली तर सगळे नुसते खरंच बोलतील, मग ओळखायचं काय? त्यावर भावाने सुचवलं की प्रत्येकाला एका डावात एकदाच शब्द मोडायची मुभा ठेवू. बहिणीने विचारलं, आणि ज्याने मोडून झाला त्याच्यावर बाकीचे डोळे झाकून विश्वास ठेवणार, तर मग त्याचा फायदाच नाही का? त्याला ते पटलं, तिलाही तिचा प्रश्न आवडला, आणि पुढचा डाव याच नियमाने मांडायचं ठरलं.